जमलेल्यांचं फोल्डर

आमच्या घरचा कॉम्प्युटर जलद चालावा म्हणून मी जेवढं केलं, तेवढं कुठल्या सुनेनं सासूसाठी केलं नसेल. दर रविवारी सकाळी अंघोळ करून, ओले केस टॉवेलात गुंडाळून मी त्याच्यापुढे बसायची. आधी नको असलेल्या तात्पुरत्या फायली काढायच्या, मग त्यातला कचऱ्याचा डबा रिकामा करायचा, मग डिस्क तपासायला लावायची, आणि शेवटी आतलं विस्कटलेलं सामान एका जागी रचायचं. या रचण्याला डिफ्रॅग म्हणायचे. पडद्यावर रंगीत चौकोन रेशनच्या रांगेसारखे एकेक पुढे सरकायचे आणि त्यात दोन-तीन तास सहज जायचे. तेवढ्या वेळात माझी कणीक मळून व्हायची, भाजी व्हायची, कपडे वाळत घालून व्हायचे. मध्येच कुणी काही उघडलं तर सगळं पहिल्यापासून सुरू. बाबा हमखास काहीतरी उघडायचे.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या छत्तीसगढ राज्याची राजधानी झालं होतं. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं, घरभाडी बघता बघता चढली, आणि भोपाळहून वाटणीत आलेले कर्मचारी बायकामुलांसह घरं शोधत फिरू लागले. त्यांत मराठी घरंही पुष्कळ होती. या सगळ्यांची अडचण एकच, मुलामुलींची लग्नं. ओळखीपाळखी भोपाळात राहिल्या. नागपूर-अमरावतीचे नातेवाईक इतक्या लांब मुलगी द्यायची का म्हणून नाकं मुरडायचे. आणि भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेली जी जुनी घरं होती, त्यांतल्या मुलांना मराठीत विचारलं तर ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि गोत्र विचारलं तर आजोबांना हाक मारायची.

अशा वेळी माझे बाबा रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झाले. आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. भाऊ पुण्याला नोकरीला. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरात उरलो मी आणि बाबा. मी एका प्राथमिक शाळेत दुपारच्या पाळीला शिकवायची. बाबांना सकाळ खायला उठायची आणि दुपार त्याहून मोठी वाटायची. मग त्यांनी लग्नं जमवायचं काम अंगावर घेतलं. कुणाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, ही त्यांची पहिली अट. ज्या दिवशी पत्र येईल त्याच दिवशी उत्तर टपालात पडलं पाहिजे, ही दुसरी. रेल्वेत आयुष्य गेलेला माणूस. गाड्या उशिरा धावल्या म्हणून काय झालं, आपण वेळेवर, असं त्यांचं होतं.

आधी हे सगळं एका जाड वहीत चालायचं. वही भरली तशी भावानं कॉम्प्युटर घ्यायला लावला. दुकानदारानं सुटे भाग जोडून बनवून दिलेला, कुठल्याच कंपनीचा नाही. त्याबरोबर प्रिंटर. प्रत्येक मुलामुलीचं एक पान. वर कोपऱ्यात फोटो, खाली जन्मतारीख, वय, उंची, शिक्षण, गोत्र, नक्षत्र, घरची माणसं आणि सर्वांत शेवटी 'अपेक्षा'. फायलींना नावं नाहीत, नंबर. नाव उघड असलं की शेजारीपाजारी वाकून बघतात, असं बाबांचं म्हणणं.

फोल्डर तीनच होते. वधू, वर आणि जमलेले. कुणाचं लग्न ठरलं की त्याचं पान उचलून जमलेल्यांत टाकायचं. तिथं गेलेलं पान पुन्हा कुणाला दाखवायचं नाही, पाठवायचं नाही. ठरलेल्या मुलीचा फोटो दुसऱ्याच्या घरी जाणं म्हणजे गावभर शोभा.

कामाची वाटणीही पक्की होती. पानं टाइप करणं आणि मशीन पळतं ठेवणं माझ्याकडे. पत्रं वाचणं, त्यांत मागितलेल्या अटींत बसणारी पानं निवडणं, छापणं, पाकिटावर पत्ता घालणं आणि टपालपेटीत टाकणं बाबांकडे. हे सगळं ते दुपारी करायचे, मी शाळेत असताना. छापलेलं प्रत्येक पान ते लाल पेन्सिल घेऊन वरपासून खालपर्यंत वाचायचे. उंचीत इंच चुकला, नक्षत्राचं चरण राहिलं, की लाल गोल. संध्याकाळी मी घरी आले की टेबलावर माझ्यासाठी दोन-चार गोल वाट बघत असायचे. मुलांच्या वह्यांवर दुपारभर मी लाल गोल करायची आणि घरी येऊन माझ्यावर व्हायचे.

त्या कॉम्प्युटरवर बाबांना तीनच गोष्टी यायच्या. फोल्डर उघडणं, पान छापणं आणि एका फोल्डरातलं पान उचलून दुसऱ्यात ठेवणं. तिन्ही त्यांना मीच शिकवल्या होत्या. माउस धरला की पडद्यावरचा बाण भलतीकडेच जायचा, म्हणून मी त्यांच्या हातावर हात ठेवून शिकवलं. हे लिहिताना आजही माझा तळहात गरम होतो, आणि तो मायेनं होत नाही.

पहिल्या नंबरचं पान माझं होतं. त्याचं कारण साधं आहे. दुसऱ्याच्या मुलीचं पान बिघडलं तर बोल लागेल, म्हणून सराव स्वतःवर केला. सत्तावीस वर्षं, पाच फूट एक इंच, एम.ए., चष्मा आहे. 'अपेक्षा'च्या पुढे मी लिहिलं होतं, 'वडिलांच्या पसंतीनुसार'. तेव्हा ते लिहिताना मला फार सुशील वाटलं होतं. मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायची, तिथं त्याच आठवड्यात फाइलला कुलूप कसं लावायचं ते शिकवलं होतं. एका चौकोनात खूण केली की ती फाइल फक्त वाचता येते, कुणाला बदलता येत नाही. नवीन शिकलेली गोष्ट, करून बघितली. पुढे शेकडो पानं केली पण कुलूप त्या एकालाच लावलं. दोन नंबरचं पान भावाचं. ते तेरा घरी गेलं आणि चौथ्या महिन्यात त्याचं लग्न लागलं.

माझं पानही जात होतं. म्हणजे, बाबा तसं सांगायचे. "बिलासपूरले पाठोली तुही पत्रिका," जेवताना ते सांगायचे. कधी दुर्ग, कधी राजनांदगाव, कधी गोंदिया. मी मान खाली घालून वरण वाढायची. पुढच्या महिन्यात स्वतःहूनच म्हणायचे की उत्तर आलं नाही, लोकांना आजकाल रीतच राहिली नाही. मग आम्ही दोघं मिळून बिलासपूरच्या न बघितलेल्या लोकांना नावं ठेवायचो.

उत्तर न येण्याची कारणं मी माझी मी शोधली. आधी उंचीला दोष दिला. मग चष्म्याला. मग रंगाला, मग एम.ए.ला, मग आई नसण्याला. पोळ्या लाटताना रोज एक कारण. आरशात बघणं मी कमी केलं होतं, हे आता लिहायला हरकत नाही. एकदा वाटलं, फोटोच वाईट आहे. बाबांना विचारलं की नवीन काढू का, जुना बदलून टाकते. ते चष्मा वर करून म्हणाले, "फोटोले काय झालं? चांगला तर आहे. तुह्या आईसारखी दिसतं त्याच्यात." मला इतकं भरून आलं की तो विषय मी परत काढला नाही.

तुम्ही विचाराल, चार वर्षांत स्वतःचं पान एकदाही उघडून पाहिलं नाही? नाही पाहिलं. नवीन पान वर, जुनं खाली अशी मांडणी बाबांनी करून घेतली होती. माझं तळाशी, शेकडो पानांखाली. आणि खरं सांगायचं तर लाज वाटायची. दुकानदार आपल्याच दुकानातल्या न खपलेल्या मालाकडे कशाला बघेल?

इकडे फायली वाढत गेल्या तसा कॉम्प्युटर हळू होत गेला. स्कॅन केलेले फोटो मोठे, डिस्क लहान. पडद्यावर ते वाळूचं घड्याळ आलं की बाबांचा पारा चढायचा. पत्र आजचं आजच गेलं पाहिजे आणि इथं एक पान उघडेपर्यंत चहा गार. त्यांनी चिडून म्हणावं, "तू साफ नाही करून राहिली काय याले?" आणि मी अपराध्यासारखं पुन्हा बसावं. पडद्यामागचं चित्र काढलं. पत्त्यांचे खेळ काढले. गाणी काढली. मग आईचे फोटो होते तीस-चाळीस, भावानं स्कॅन करून ठेवलेले, तेही जागा खातात म्हणून फ्लॉप्यांवर घेतले आणि आतून काढून टाकले. त्यांतल्या दोन फ्लॉप्या पुढे वाचल्याच गेल्या नाहीत. एवढं करून मशीन आठवडाभर जरा पळालं. बाबा खूश झाले. त्यांना खूश करण्यात माझी सगळी हुशारी खर्ची पडत होती आणि मला ते कर्तव्य वाटायचं.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. बाबा नोकरीत असताना त्यांची कागदांना भोकं पाडायची कात्री आणि शिक्के पुजले जायचे, आईची विळी आणि शिवणयंत्र पुजलं जायचं. आता मान कॉम्प्युटरचा. आदल्या दिवशी त्याची बाजूची पत्र्याची पाटी उघडायची. आत कारखान्यांची काळी धूळ बसलेली असायची. रायपुरात तेव्हा ती सगळीकडेच होती. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडावर, तुळशीच्या पानांवर, पायाच्या तळव्यांना. रंगाच्या ब्रशानं ती झटकायची, पंख्याची पाती पुसायची. मग नवमीला सकाळी आतली मोठी सफाई, आणि सफाई झाली की हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी गावातल्याच गुढियारी भागातल्या काकू आल्या होत्या. त्यांचे यजमान बाबांबरोबर नोकरीला होते, त्या ओळखीनं धाकट्या मुलीची माहिती घेऊन आल्या. मी टाइप करत होते, त्या शेजारी बसून चिवडा खात होत्या. निघताना दारात चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "अन् तुही तारीख कवा काढली व माय? बोलावजो बरं आमाले." मला वाटलं, डिवचतायत. एकतीस वर्षांच्या मुलीला असं विचारणारी माणसं मला नवी नव्हती. मी म्हटलं, पत्रिका छापली की पहिली तुम्हाला. त्या समाधानानं हसून जिना उतरल्या. ते समाधान मला जरा विचित्र वाटलं होतं, पण मी ते काकूंच्या खाती टाकलं.

नवमीला सकाळी मी जमलेल्यांचं फोल्डर उघडलं. चार वर्षांत ते कधी रिकामं केलं नव्हतं. कुणाला पुरावा लागला तर, असं म्हणून बाबा ते ठेवायला सांगायचे. पण आता डिस्क काठोकाठ भरली होती आणि त्या फोल्डरात सव्वाशेच्या वर पानं होती, सगळी फोटोंसकट. त्यांतल्या कित्येक मुलींच्या मांडीवर एव्हाना मुलं खेळत होती. त्यांची पानं जपून काय करायचं? बाबांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. सगळी पानं एकदम निवडली आणि पुसायची कळ दाबली.

कॉम्प्युटर पहिल्याच पायरीला थांबला. एक चौकट आली. एक नंबरची फाइल कुलूपबंद आहे, ती नक्की पुसायची का?

मी ती चौकट दोनदा वाचली. इंग्रजी मला कळत होतं. एक नंबर कुणाचा हेही ठाऊक होतं. तरी पहिला विचार असा आला की मी चुकून वधूंचं फोल्डर उघडलं. वर नाव बघितलं. जमलेले. मी 'नाही' दाबलं आणि ते पान उघडलं. सत्तावीस वर्षं, पाच फूट एक इंच, वडिलांच्या पसंतीनुसार. फोटोतली मुलगी खरंच आईसारखी दिसत होती.

 कोणाचं जमलं होतं? कधी जमलं होतं? मला न सांगता जमलं आणि मोडलं की काय, इतका वेडा विचारसुद्धा मी करून बघितला, कारण दुसरा विचार करायची हिंमत होत नव्हती. मग आठवलं, कुलूप लावलेली फाइल पुसतानाच नाही, एका फोल्डरातून दुसऱ्यात नेतानाही तो विचारतो. क्लासमध्ये बाईंनी ते दोनदा करून दाखवलं होतं. म्हणजे ज्यानं ती इथं आणून ठेवली, त्यालाही विचारलं गेलं होतं. नक्की न्यायची का? आणि त्यानं 'हो' दाबलं होतं. घरात माणसं दोन. एक मी.

बाबा देवघरासमोर गंध उगाळत बसले होते. पूजेचं ताट तयार होतं, झेंडूची फुलं, हळदकुंकवाचा करंडा, निरांजन. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, माझी पत्रिका जमलेल्यांत कशी गेली.

सहाणेवरचा हात थांबला नाही. "चुकून गेली असंल," ते म्हणाले.

"चुकून जात नाही बाबा. तिला कुलूप आहे. हलवताना विचारतं ते."

आता हात थांबला. बाहेर गल्लीत भाजीवाल्या बाईची हाक गेली, लांब जाईपर्यंत ऐकू आली. बाबा सहाणेतल्या गंधाकडे बघत म्हणाले, "दिवाळीनंतर परत ठेवणार होतो."

कुठल्या दिवाळीनंतर, असं मी विचारलं. त्यांनी सहाणेवर पाण्याचा थेंब घातला. मग मी एकेक गाव विचारत गेले. बिलासपूर? मान हलली नाही. दुर्ग? राजनांदगाव? गोंदिया? कुठंच गेलं नव्हतं. चार वर्षांत माझं पान या घराचा जिना उतरलं नव्हतं. ज्या लोकांना आम्ही जेवताना नावं ठेवत होतो, त्यांना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. गुढियारीच्या काकूंचं विचारलं, तेव्हा कळलं की त्यांनी भाच्यासाठी गेल्या वर्षी माझी पत्रिका मागितली होती. भाचा रेल्वेतच, स्वभावानं गरीब. बाबांनी त्यांना सांगितलं होतं, तिचं जमलं.

त्यांनी असं का केलं, हे मी विचारलं नाही. इतकी वर्षं शाळेत शिकवून मला एवढं कळलं होतं की हा प्रश्न विचारला की मूल रडतं आणि आपणच डोळे पुसत बसतो. पण त्यांनी आपणहून सांगितलं. "तू गेली असती तं हे सारं कोणं पाह्यलं असतं?" आणि हात केला. मला अजून तो हात दिसतो. त्यांनी तो स्वतःकडे केला नाही. कॉम्प्युटरकडे केला.

स्वतःकडे केला असता तर कदाचित मी विरघळले असते. म्हातारा माणूस, बायको गेलेली, मुलगा लांब, एकटेपणाला भ्यायला असेल. भीती मला समजते. पण माझी चार वर्षं त्यांनी त्या पत्र्याच्या डब्यासाठी घेतली, आणि त्या डब्याला पळतं ठेवायला दर रविवारी ओल्या केसांनी मीच बसत होते. मी जितकी साफसफाई चांगली करत गेले, तितकं माझं पान तळाशी पक्कं होत गेलं. लोक म्हणतात कुंपणानंच शेत खाल्लं. इथं शेतानं कुंपणाला पाणीही घातलं होतं.

मला राग आला असं म्हणणं कमी पडेल. मला बाबांची किळस आली. त्यांच्या स्वच्छ धोतराची, गंधाच्या बोटाची, एक रुपयाही न घेण्याच्या त्या मोठेपणाची. सबंध छत्तीसगढातल्या मराठी मुली उजवायला निघालेला माणूस, आणि काखेतल्या कळशीला मात्र झाकण. मी तसं बोलले. आणखीही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग, खरंच सांगते, उठून ताट घेतलं, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि हात जोडले. नेम चुकवायचा नाही. मी आरतीला उभी राहिले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्यात सोनं देऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं असतं. मी आपट्याचं पान त्यांच्या हातावर ठेवलं आणि सरळ उभी राहिले. त्यांचा हात आशीर्वादासाठी अर्धा वर आला होता, तो त्यांनी हळूच खाली नेला आणि टोपी सारखी केली.

पुढे माझं जमलं का, हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं असतं, म्हणून सांगून टाकते. नाही जमलं. काकूंच्या भाच्याचं तोवर लग्न होऊन गेलं होतं. माझं पान मी स्वतः पुष्कळ घरी पाठवलं. दोन घरचे बघायला आले. दोघांनीही विचारलं की इतकी वर्षं का थांबलात. आता काय सांगणार? बापानं लपवून ठेवलं होतं म्हणून? मी म्हटलं, शिक्षणात गेली. एकानं हिंदीत आपल्या आईला काहीतरी म्हटलं, आणि ते मला ऐकू आलं नाही अशी त्याची समजूत होती. बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. मी त्यांना रोज गरम पोळी वाढली, त्यांचे डोळे गेल्यावर पत्रं वाचून दाखवली, शेवटी अंग पुसलं. लोक म्हणाले, मुलगी असावी तर अशी. क्षमा मात्र मी केली नाही. मागितली असती तर केली असती की नाही, हे मला ठाऊक नाही, कारण त्यांनी ती मागितली नाही.

पण मला सांगायचं आहे ते दसऱ्याच्या दुपारचं. सोनं देऊन झालं आणि मी कॉम्प्युटरसमोर बसले. माझं पान उघडलं. वय बदलायला गेले तर ते बदलेना, कुलूप होतं. आधी ते काढलं. मग सत्तावीस खोडून एकतीस केलं. शिक्षणात बी.एड. वाढवलं. 'अपेक्षा'च्या पुढचं सगळं पुसलं आणि जागा मोकळी सोडली. मग ते पान वधूंच्या फोल्डरात ठेवलं, छापलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या टपालासाठी बाबांच्या टेबलावर जो गठ्ठा होता, त्यात मधोमध सरकवलं.  तिथंच दिवाणावर वह्या तपासायला घेऊन बसले.

बाबा जेवून उठले, खुर्चीत बसले, लाल पेन्सिलीला टोक काढलं. गठ्ठ्यातलं पहिलं पान वाचलं, बाजूला ठेवलं. दुसरं वाचलं. तिसरं माझं. फोटो बघून ते क्षणभर थांबले, मग दुसऱ्या कुणाचंही वाचतात तसं वरून वाचायला लागले. जन्मतारखेवरून पेन्सिल पुढे गेली. वयापाशी अडखळली. आणि त्यांनी एकतीसभोवती लाल गोल केला.

"हे चुकलं पाह्य," ते म्हणाले. आवाज नेहमीचा, मला गोल दाखवतानाचा. "सत्तावीस पाह्यजे."

"जन्मतारीख वरच आहे बाबा. मोजा."

ते मोजायला लागले. अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक पुढे नेत, ओठांतल्या ओठांत. शेवटच्या बोटाशी येऊन थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. या वेळी जास्त हळू. मग हात मांडीवर तसाच राहिला. ते ढोंग करत नव्हते. त्यांच्या हिशेबी मी खरोखरच सत्तावीस वर्षांची होते. त्यांनी मला ज्या दिवशी उचलून ठेवलं, त्या दिवशी होते तेवढी.

काही वेळानं त्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि तो गोल पुसायला घेतला. लाल पेन्सिल काही जात नव्हती. घासून घासून वयाच्या भोवती गुलाबी डाग पसरला, मग कागद हुळहुळीत झाला आणि एकतीसच्या जागी भोक पडलं. ते तरीही घासत होते. मी त्यांच्या हातातून कागद काढून घेतला आणि दुसरी प्रत छापायला लावली.